पाण्यावरची पडवी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सुटीचे दिवस आले की मुंबई-पुण्याची माणसं कोकणात येतात आणि इथल्या घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. पाहुण्यांना न्यायचं कुठे? गणपतीपुळे झालं, थिबा राजवाडा झाला, रत्नदुर्ग झाला, आरे-वारेचा किनारा झाला. मग कोणीतरी म्हणतं, "आपण होडीतून जाऊ या की!" पोरं टाळ्या पिटतात, सुना एकमेकींकडे बघतात आणि घरातलं सर्वांत वडील माणूस काही न बोलता पानाचा डबा जवळ ओढतं. त्या वडील माणसाच्या मनात जे असतं, ते आज मोठ्याने बोलावं असं मला वाटलं.

एका कवीने होड्यांवर भाषण करावं याचं काहींना नवल वाटेल. पण रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला कवितेच्या आधी होडी भेटते. आमच्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस खलाशी, तांडेल किंवा सारंग म्हणून दर्यावर गेलेला असतो. भंडारी, खारवी, गाबीत यांच्या घरांतही तेच. त्यामुळे होडीविषयीचे शब्द आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता, कारण निवड नव्हती. धक्क्यावर जी होडी असेल तिच्यात बसायचं. आता तसं राहिलेलं नाही. मासेमारीची फायबरची होडी आहे, डॉल्फिन दाखवायला नेणारी मशीनची बोट आहे, दुमजली बोट आहे, हाउसबोट आहे. आणि यांत एका नव्या पाहुणीची भर पडली आहे. ती म्हणजे पाँटून बोट. धरणांच्या जलाशयांत, बॅकवॉटरमध्ये तुम्ही ती पाहिली असेल. खाली अॅल्युमिनियमच्या दोन लांबलचक, हवाबंद नळ्या, त्यांच्यावर सपाट फलाट, चारी बाजूंनी कठडा, बसायला सोफे, वर कापडाचं छप्पर आणि मागे मशीन. एखाद्या घराची पडवी उचलून पाण्यावर ठेवावी, तसं तिचं रूप.

ही बोट दिसायला परदेशी असली, तरी तिची कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या भाषेत तिला नाव आहे. सांगड.

सांगड हा शब्द आपण रोज वापरतो. नोकरी आणि संसाराची सांगड, जुन्या-नव्याची सांगड. पण सांगड म्हणजे मुळात दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन भोपळे एकमेकांना बांधून केलेलं तरण्याचं साधन, हे किती जणांना ठाऊक असतं? दोन होड्यांवर पाय ठेवणाऱ्याची फजिती होते हे खरं. पण सांगड म्हणजे दोन होड्यांवर पाय ठेवण्याचीच युक्ती. फक्त आधी त्या होड्या एकमेकींना घट्ट बांधायच्या!

या शब्दाचा प्रवास पाहिला की थक्क व्हायला होतं. तो संस्कृत 'संघाट' या शब्दापासून आला. संघाट म्हणजे जोडणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची माहिती देणारं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांचं नाव दिलं आहे 'संगारा'. मल्याळममध्ये तराफ्याला 'चंगाडम' म्हणतात. पोर्तुगीज इथे आले, त्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचं 'जंगाडा' केलं. आज ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा कोळी ज्या तराफ्यावरून मासे मारायला जातो, त्या तराफ्याचं नाव 'जंगाडा'च आहे. म्हणजे आपला शब्द सांगडीवर बसून निम्मी पृथ्वी फिरून आला. 'कटमरान' हा शब्दही असाच. तो मूळचा तमिळ. कट्टुमरम्, म्हणजे बांधलेली लाकडं.

आजच्या पाँटून बोटीची गोष्ट मात्र अलीकडची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस नावाचा एक शेतकरी होता. त्याने १९५२ च्या सुमारास पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या, त्यांच्यावर लाकडी फळ्यांचा फलाट ठोकला आणि ती बोट गावाजवळच्या तळ्यात सोडली. साध्या होडीपेक्षा ती तळ्यात स्थिर राहील आणि घरच्यांना निवांत बसता येईल, एवढाच त्याचा हिशेब होता. आज त्या देशात लाखो कुटुंबं अशा बोटी वापरतात. पण श्रोतेहो, एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. ही बोट तळ्यात जन्मली. समुद्रासाठी तिला कोणी बनवलं नव्हतं.

आता घरच्या मंडळींसाठी ती का आवडते, ते पाहू. आपल्या नेहमीच्या होडीत चढणं हीच एक कसरत असते. गुडघाभर पाण्यातून जायचं, काठावरून पाय टाकायचा, तोवर होडी कलते, कोणीतरी हात देतं, कोणीतरी ओरडतं. गुडघे दुखणारी आजी, पोटुशी सून, कडेवरचं मूल, चाकांच्या खुर्चीतला माणूस, यांच्यासाठी होडीची सहल तिथेच संपते. ते काठावर चपला सांभाळत बसतात. पाँटून बोटीचा फलाट धक्क्याच्या उंचीला आणता आला, तर माणूस ओटीवरून पडवीत यावं तसा बोटीत येतो. गोल करून बसता येतं, डबे उघडता येतात, पोरांना कठड्याच्या आत फिरता येतं, मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर सावली असते. घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला बरोबर नेता येणं, हा काही लहान गुण नव्हे. मी तर म्हणेन, बोट निवडताना पहिला विचार त्याच माणसाचा करावा.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. सगळी भावंडं सुटीला एकत्र जमली होती. लहानमोठी मिळून सतरा माणसं. पोरांना हवी होती डॉल्फिनवाली वेगवान बोट. माझ्या धाकट्या भावाला दुमजली बोट पसंत होती, कारण वरून फोटो छान येतात. बायकांचं मत सपाट पाँटून बोटीला होतं. ती एका खाडीत भाड्याने मिळत होती. वाद रंगला. आमची फुफी, म्हणजे वडिलांची बहीण, तेव्हा ऐंशीच्या घरात होती. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "बोट कसली ते मागाहून सांगा रे. चढायचं कुठून आणि उतरायचं कुठे, ते आधी सांगा."

सगळे गप्प झाले. कारण तो विचार कोणीच केला नव्हता. भरतीला जो धक्का सोयीचा वाटतो, त्याच धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या ओहोटीला उघड्या पडतात आणि त्यांच्यापुढे असतो मांडीभर चिखल. फुफीचा नवरा आयुष्यभर जहाजावर होता. निघणाऱ्या माणसापेक्षा परतणाऱ्या माणसाची काळजी जास्त करायची, हे ती त्या संसारात शिकली असावी. शेवटी आम्ही पाँटून बोट घेतली, पण फुफीच्या अटींवर. सकाळी भरती भरत असताना निघायचं, खाडीत आत जायचं, समुद्राकडे फिरायचं नाही आणि धक्क्याला पाणी असतानाच परत यायचं. बोटीवर परवाना बारा माणसांचा होता, म्हणून दोन फेऱ्या केल्या. भावाने कुरकुर केली, पोरं डॉल्फिनसाठी रुसली. पण फुफी चाळीस वर्षांनी पाण्यावर बसली होती आणि कांदळवनातले बगळे मोजत होती.

आता या बोटीची दुसरी बाजू. तीही सांगितली पाहिजे, कारण दिसणाऱ्या सुरक्षिततेवर माणूस पटकन भाळतो.

साध्या होडीत तुम्ही पाऊल ठेवलंत की ती डुलते. एका बाजूला सरकलात की कलते. आपल्याला भीती वाटते आणि आपण मुकाट्याने मध्ये बसतो. म्हणजे होडी आपल्याशी बोलते. 'बाबा, तू चुकीच्या जागी बसला आहेस,' हे ती पहिल्या क्षणाला सांगते. आणि चांगली बांधलेली दर्याची होडी जशी अधिक कलते, तसा तिचा सावरण्याचा जोरही बऱ्याच हद्दीपर्यंत वाढत जातो.

दोन नळ्यांच्या बोटीचं वागणं निराळं. तुम्ही एका बाजूला गेलात की त्या बाजूची नळी थोडी जास्त पाण्यात जाते आणि पाणी तिला जोराने वर ढकलतं. नळ्या एकमेकींपासून दूर असल्यामुळे हा जोर मोठा पडतो, म्हणून बोट हलल्यासारखी वाटतच नाही. आपल्या कोकणी होडीची उलांडी याच तत्त्वावर चालते. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर जे लाकूड बांधलेलं असतं, ती उलांडी. तिनेच कितीतरी लहान होड्यांना लाटांवर तोल दिला.

पण या स्थिरपणाला शेवट आहे. एका बाजूला खूप माणसं गेली आणि तिकडची नळी पुरती पाण्याखाली गेली, की पाण्याने ढकलायला काही उरत नाही. दुसऱ्या बाजूची नळी वर उचलली जाते आणि मग जे व्हायचं ते क्षणात होतं. समोरच्या बाजूचंही तेच. सगळे हौसेने पुढे जाऊन उभे राहिले आणि त्याच वेळी समोरून मोठी लाट आली, तर बोटीचं नाक लाटेखाली जातं आणि फलाटावर पाणी चढतं. डुलणारी होडी आधी इशारा देते. न डुलणारी बोट फार उशिरा बोलते. म्हणून तिच्यात माणसांनी स्वतःला आवर घालायचा असतो.

पाण्यावरच्या अपघातांचा हिशेब पाहिला तर गर्दी आणि तोल या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. कोकणातल्या जुन्या माणसांना 'रामदास' बोटीची आठवण करून द्यायला नको. १७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. पावसाळी समुद्रात लाटेचा तडाखा बसला, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल!

ती झाली समुद्रावरची गोष्ट. पण ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या संथ जलाशयात नवी दुमजली पर्यटक बोट उलटली आणि ४५ जण बुडाले. काठावर जनावरं दिसली म्हणून माणसं एका बाजूला झुकली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला, रविवारच्या संध्याकाळी, मासेमारीच्या बोटीत फेरफार करून केलेली पर्यटक बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. २२ जण गेले. त्यांतले अकरा एकाच कुटुंबातले होते. सुटीला एकत्र जमलेले, आपल्यासारखेच. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले.

हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. यांतल्या तीन ठिकाणी तर खवळलेला समुद्र नव्हताच. तलाव, जलाशय, नदीचं मुख, म्हणजे जिथे माणूस निर्धास्त असतो अशा जागा. बोट दुमजली असली की वरच्या मजल्यावरची प्रत्येक व्यक्ती तिचा तोल थोडा थोडा वर नेते. डोक्यावर हंडा घेतलेली बाई आणि कमरेवर कळशी घेतलेली बाई, यांत ठेच लागल्यावर आधी कोण कोलमडेल? तोच हिशेब. माझ्या भावाचे फोटो छान आले असते, पण सतरा माणसांच्या कुटुंबाने दुमजली लहान बोटीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटीइतकंच महत्त्वाचं असतं पाणी. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला देवाने खाड्यांची श्रीमंती दिली आहे. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, जोग आंजर्ल्याला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला आणि अर्जुना जैतापूरला. या प्रत्येक खाडीचे दोन स्वभाव आहेत. आत, कांदळवनाच्या बाजूला, ती माहेरवाशिणीसारखी निवांत असते. मुखाशी, जिथे वाळूचा दांडा असतो, तिथे तीच खाडी वेगळी वागते. ओहोटीचं पाणी जोराने बाहेर पडत असतं आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा त्याला सामोरा जातो. दोघांच्या झटापटीत तिथे लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. अशा ठिकाणी पाँटून बोट नेणं म्हणजे पडवी वादळात सोडणं. तिथे नाळ उंच असलेली, पाणी कापत जाणारी दर्याची होडीच हवी आणि तीही सराईत तांडेलाच्या हातात.

उलट उदाहरणही आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून गाड्या आणि माणसं या काठाहून त्या काठाला पोहोचवते. तिचाही तळ सपाटच. पण ती भारी आहे आणि तिचा मार्ग खाडीच्या आतला आहे. सपाट बोट वाईट नसते. तिला तिच्या पाण्यात ठेवावं लागतं.

वाऱ्याचंही गणित सोपं आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दुपारी समुद्राकडून येतात ते खारे वारे. पाँटून बोटीवर छप्पर आणि कठडा असल्यामुळे वाऱ्याला ती शिडासारखी सापडते. खाली पाण्यात तिचा तळ फार खोल नसतो, त्यामुळे ती बाजूला वाहवते. म्हणून सकाळी लवकर निघावं आणि खारा वारा पडायच्या आत, फार तर अकरापर्यंत, परतावं. वारा अचानक वाढला तर छप्पर दुमडून टाकावं.

भरतीसाठी आपल्या जुन्या माणसांची एक युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा आणि रात्रीही, साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. आमच्या घरात हिजरी तारीख धरतात. तिच्यात एखादा-दुसरा दिवस मिळवला की तिथी हाती येते. कॅलेंडर कोणाचंही असो, पाणी एकाच चंद्राचं ऐकतं. अर्थात हा झाला अंदाज. नक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा फोनवर बघून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त असते. घरच्या सहलीला त्यापेक्षा अष्टमीच्या आसपासचं भांगेचं पाणी बरं.

हल्ली काही तरुण मुलं विचारतात, "सर, आम्ही पर्यटनासाठी पाँटून बोट घ्यायचं म्हणतोय. कुठली घ्यावी?" मी काही इंजिनियर नाही. पण धक्क्यावरच्या जाणत्या माणसांकडून जे ऐकलं, पाहिलं, ते सांगतो. भाड्याने बोट घेणाऱ्यांनीही ते ऐकून ठेवावं.

पहिली गोष्ट नळ्यांची. दोन नळ्यांची बोट स्वस्त पडते आणि बंद पाण्यात ठीक चालते. जिथे भरती-ओहोटी आहे, दुसऱ्या बोटींच्या लाटा येतात, तिथे तीन नळ्यांची घ्यावी. मधली तिसरी नळी भार उचलते आणि माणसं पुढे-मागे झाली तरी बोट कमी दबते. नळी जितकी जाड तितका तिचा भार पेलण्याचा जोर अधिक. आणि नळीच्या आत वेगवेगळे हवाबंद कप्पे आहेत का, ते विचारून घ्यावं. एकाला खडक लागून भोक पडलं तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. या बोटी मूळच्या गोड्या पाण्यातल्या. खारं पाणी अॅल्युमिनियमला खातं. त्यासाठी तळाला जस्ताचे तुकडे लावतात. गंज आधी त्या जस्ताला खातो आणि नळी वाचते. घरातला मोठा भाऊ धाकट्याच्या वाटणीचा मार खातो ना, तसं! ते तुकडे झिजले की बदलायला हवेत. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांची पुटं चढतात, तीही वेळच्या वेळी खरवडायला हवीत, नाहीतर बोट जड होते. अशी डागडुजी न करणाऱ्याने बोटीच्या धंद्यात पडू नये.

तिसरी गोष्ट कठड्याची. कठड्याच्या दाराला पोरांना उघडता येणार नाही अशी कडी हवी. बोट चालू असताना कठड्याबाहेर, पुढच्या कडेला पाय सोडून कोणालाही बसू देऊ नये. जागा मोहाची असते, पण तिथून घसरलेलं माणूस थेट बोटीखाली जातं आणि मागे मशीनचा पंखा असतो. आणि एखादं पाण्यात पडलंच, तर वर चढायला शिडी हवी. ओल्या माणसाला हाताने वर ओढणं किती कठीण असतं, हे कोळ्यांना विचारा.

भाड्याने घेणाऱ्यांनी चार प्रश्न विचारायला लाजू नये. बोटीची नोंदणी आणि तपासणी झाली आहे का? महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या परवान्यावर किती माणसं लिहिली आहेत? चालवणाऱ्याकडे परवाना आहे का? आणि जितकी माणसं, तितकी लाइफ जॅकेटं आहेत का? त्यांत मुलांच्या मापाची किती? मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं, तर पाण्यात मूल खाली राहतं आणि जॅकेट वर निघून येतं. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा हवा. जॅकेट बाकाखाली ठेवण्यासाठी नसतं, निघण्यापूर्वी अंगात घालण्यासाठी असतं. माणसं मोजताना मांडीवरचं मूलही एक माणूस धरावं. 'ते काय, बाळ तर आहे,' म्हणत आपण तीन-चार जीव हिशेबाबाहेर ठेवतो. आणि पावसाळ्यात, बंदी असताना, कोणी जास्त पैसे घेऊन न्यायला तयार झालाच, तर त्याच्यापासून दूर राहावं.

एवढं सगळं पाहिलं, तरी एक गोष्ट उरते. ती म्हणजे सुकाणू धरणारा माणूस. आपण पैसे मोजलेले असतात, पाहुणे परगावाहून आलेले असतात, सुटी संपत आलेली असते. अशा वेळी तांडेल आकाशाकडे बघून म्हणतो, "आज नको, साहेब. वारा बरा नाही." आपल्याला राग येतो. आपण शेजारच्या बोटवाल्याकडे जातो. तो म्हणतो, "चला, काही होत नाही." आणि आपण त्याच्या बोटीत बसतो. श्रोतेहो, जाणत्या माणसाला वगळून होकार देणाऱ्या माणसाला निवडणं, ही चूक अपघाताच्या खूप आधी धक्क्यावर होते. त्या नकार देणाऱ्या तांडेलाचंही पोट त्या दिवशीच्या भाड्यावर असतं. तरी तो नको म्हणतो, तेव्हा तो आपलं नुकसान करून आपल्या मुलांना जपत असतो. माझ्या माहितीतले एक गृहस्थ अशा वेळी तांडेलाच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवतात आणि घरच्यांना घेऊन परत फिरतात. मला ही रीत फार आवडते. नकारालाही मोल द्यायला आपण शिकलं पाहिजे. म्हणजे नकार देणारी माणसं धंद्यात टिकतील.

सांगड एकट्या होडीची होत नाही. बोट, पाणी, चालवणारा आणि बसणारे, हे चार एकत्र बांधले तर सहल सुखाची होते. यांतली एक गाठ सैल असेल, तर सोफे कितीही मऊ असोत, उपयोग नाही. पाँटून बोट घ्यायची असेल तर जरूर घ्या. आजीला न्या, चाकांच्या खुर्चीतल्या काकांना न्या. खाडीत आत जा, कांदळवन बघा, डबा खा. दर्या बघायचा असेल तर तो किनाऱ्यावरूनही फार सुंदर दिसतो. आणि डॉल्फिनच बघायचे असतील, तर धडधाकट माणसांनी वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोटीने जावं. एका बोटीकडून सगळ्या हौशी पुरवून घेऊ नयेत.

येत्या सुटीत तुमच्या घरी हा वाद झाला, तर घरातल्या त्या गप्प बसलेल्या वडील माणसालाही विचारा. उत्तर कदाचित एका प्रश्नाच्या रूपाने येईल. त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय धक्का सोडू नका.